पंचविसावा दिवस

"पंचवीस दिवस होत नाहीत, आजी," मोजणीवाली म्हणाली. "लागण झाल्यावर ताप यायला एकवीसच्या पुढे दिवस लागलेले आम्ही कधी पाहिलेले नाहीत."

रोज तापमापक घेऊन येणाऱ्या, घरोघरचे दिवस मोजणाऱ्या या मुलीला गल्लीनं हे नाव दिलं होतं. आजींनी तिला नेहमीसारखं पायरीवरच बसवलं होतं आणि स्वतः लांब, दाराच्या आत बसल्या होत्या. नातीलाही त्यांनी महिनाअखेरीस आत्याकडे धाडलं होतं. इतकी शिस्त गल्लीत कुणी पाळत नाही, असं मोजणीवाली सगळ्यांना सांगायची.

"पुन्हा एकदा सांगा. मुलाला दवाखान्यात नेलं तीन तारखेला?"

"तीनला, सकाळी नऊ वाजता. नाकातून रक्त येत होतं, ते सुनेनं पुसलं. त्यानंतर तिला तो दिसलासुद्धा नाही. पाचला गेला."

"आणि सूनबाईंना ताप आला अठ्ठावीसला."

"अठ्ठावीसला. परवा तीही गेली."

आजींच्या तारखा चुकत नसत. मुलगा डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसानंतर नऊ दिवसांनी जन्मला होता. "तारखा चुकवायची खोड पोटातूनच घेऊन आला," असं त्या त्याला चारचौघांत चिडवायच्या, आणि तो पन्नाशीला टेकला तरी लाजायचा.

"मधल्या दिवसांत घरी कुणी आलं होतं?"

"कोण येणार? दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळायचा. येणारी तू एकटी. दिवस मोजता मोजता तुझंच लग्न राहील."

मोजणीवाली हसली नाही. "आणि मुलाच्या वस्तू?"

"तुमच्या माणसांनी अंगणात जाळल्या."

"कागदावर बारा आहेत."

"गादी, उशी, दोन चादरी, टॉवेल, बाकी कपडे. बारा."

मोजणीवालीनं कपाळ चोळलं. "शाळेत संपर्कातली तीनशे माणसं वेगळी ठेवलीत, आजी. उद्या त्यांचे एकवीस भरतात. पंचवीस खरे असतील तर त्यांना सोडता येणार नाही. सोडलेल्यांनाही परत आणावं लागेल. शाळेत एक ओली बाळंतीण आहे. तिनं बाळाला अजून काचेतूनच पाहिलंय."

आजींनी फाटकाकडे पाहिलं.

"एरवी किती दिवसांनी येतो गं ताप?"

"बहुतेकांना आठ-दहा."

"तो गेल्यापासून सुनेची झोप पार उडाली होती," आजी म्हणाल्या. "रात्रभर या खोलीतून त्या खोलीत. त्याचं कपाट उघडायची, रिकामं बघून बंद करायची. अठरापासून मात्र लेकरासारखी झोपायला लागली."

"अठराला काय झालं?"

"थकली असेल."

मोजणीवालीनं तक्त्यात पेन्सिलीनं पंचवीस लिहिलं आणि उठली. तिचं तोंड उतरलं होतं.

"खोडरबर आहे का गं तुझ्याकडे?" आजींनी विचारलं.

"आहे. का?"

"ते बारा खोड, तेरा कर. त्याचा स्वेटर मी ट्रंकेत लपवला होता. अठराला मीच तिच्या उशाशी ठेवला. धुतला नव्हता. धुतला असता तर त्याचा वास गेला असता."