कस्टमनं खाल्लेला डबा

"याही खेपेला घेतलाच का त्यायनं?" सुगंधाबाईनं विचारलं.

"घेतला, वैनी," सुकदेव म्हणाला. "गोऱ्या सायबानं हातमोजे घातले, डबा उचलला अन् सरळ कचऱ्यात टाकला. माहं काही चाललं नही."

"डब्यासकट?"

"डब्यासकट."

सुकदेव भुसावळला रेल्वेत होता. रिटायर होऊन असोद्याला राहायला आल्यापासून लेकीकडे अमेरिकेला त्याची ही दुसरी फेरी. लेकीच्याच गावात सुगंधाबाईचा गिरधर नोकरीला, म्हणून डबा सुकदेवबरोबर जायचा. पहिल्या खेपेचा डबाही कस्टमनंच खाल्ला होता.

या खेपेला सुगंधाबाईनं कस्टमला बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. बी नको, फळ नको, ओलं काही नको, असं सुकदेवनंच तिला सांगितलेलं. तिनं मेथीचे लाडू वळले, ज्वारीच्या कडकडीत वाळलेल्या बिबड्या रचल्या आणि तळाशी शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीची डबी ठेवली. सहा वर्षं पोरानं तिच्या हातचा घास खाल्ला नव्हता. एकदा खाईल तर घराची आठवण येऊन तिकीट काढील, अशी तिची भाबडी समजूत.

चटणीची डबी तिनं नवऱ्याच्या फेट्याचा तुकडा फाडून त्यात बांधली होती. जीवराम गेला तेव्हा गिरधरला सुट्टी मिळाली नव्हती. निदान बापाचं कापड तरी पोराच्या हाताला लागावं, एवढंच तिच्या मनात. हे ती कुणालाच बोलली नाही. मेलेल्या माणसाचं कापड अन्नात घालते म्हणून गल्लीनं तिला खाऊ की गिळू केलं असतं. दार लावून तिनं एकटीनं डबा भरला, वरून मांजरपाट शिवला आणि मगच सुकदेवच्या हाती दिला.

"गिरधर तरी दिसला का?" ती म्हणाली.

"दिसला ना. मले न्यायले इमानतळावर तोच आलता. बरा हाये." एवढं बोलून सुकदेव गाईला पाणी पाजायला उठला. गाय त्यानं नुकतीच पाजली होती.

चैत्रात पापड निघाले. असोद्यात एकीचे पापड एकटीनं लाटायची पद्धत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा सगळ्या बाया पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. त्या दिवशी पाळी सुकदेवच्या बायकोची, बेबाबाईची होती. ओसरीवर आठदहा जणी बसल्या होत्या. लावायचं पीठ संपलं. बेबाबाईचे हात लाटीत गुंतलेले, म्हणून शेजारची लताबाई उठून आत गेली आणि फळीवरचा पिठाचा डबा घेऊन आली.

सुगंधाबाईचं लाटणं थांबलं. झाकणाला पोचा होता. बुडाशी बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. तिला दुसरं काही वाचता येत नसे, पण आपलं नाव ओळखता येई. 'सुगंधाबाई जीवराम, असोदे.'

तिनं डबा उचलला आणि पीठ ओसरीभर उपडं केलं.

"सुकदेवभाऊ!" ती ओरडली. "कस्टम तुह्याच घरात हाये व्हय रे?"

सुकदेव आतून आला. डबा पाहून त्याचा चेहरा उतरला. बेबाबाई रडवेली होऊन म्हणाली, "वैनी, ऐकून तं घ्या..."

"तू गप," सुकदेव तिला म्हणाला. मग मान खाली घालून तो सुगंधाबाईला म्हणाला, "खाल्लं, वैनी. आम्हीच खाल्लं."

"माह्या पोराच्या तोंडचं?"

"डबा नही टाकवला मले. चुकलं."

सुगंधाबाईनं मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुकदेव वाकून सांडलेलं पीठ गोळा करत राहिला. कोडगाच तो, असं बायांचं मत पडलं.

गावाला विषयच हवा होता. सुकदेवचं नाव 'कस्टमसाहेब' पडलं. इतकी वर्षं तो मारुतीच्या देवळात भजनाला पुढं बसायचा. एकादशीला तो आला तसं मागून कोणीतरी म्हणालं, "प्रसाद जपा रे, साहेब आले." सगळे हसले. त्यानं टाळ खाली ठेवले, आणि पुन्हा तो देवळाकडे फिरकला नाही. बरी खोड मोडली, असंच सगळ्यांना वाटलं. सुगंधाबाईला तर त्या दिवशी दोन घास जास्त गेले. कस्टम वाईट नाही, माणूस वाईट होता. आता माणूस बदलला की झालं.

ही बातमी पोराला कधी सांगते असं तिला झालं होतं. आठवड्यानं लताबाईला घेऊन ती जळगावला गेली. स्टँडजवळच्या बूथवर लताबाईनं चिठ्ठीवरचा नंबर लावून दिला.

"गिरधर, चोर सापडला रे बापा!" असं म्हणून तिनं पापडांपासून देवळापर्यंत सगळं सांगितलं.



"सुकदेवकाका कबूल झाले?" गिरधरनं विचारलं.

"बठ्ठ्यायसमोर. आम्हीच खाल्लं म्हने."

"आणखी काही म्हणाले?"

"काय म्हनीन? तोंड हाये का त्याले?"

"मग झालं तर." गिरधरचा आवाज मोकळा झाला. "आता सोडून दे तो विषय."

"सोडलाच. आता भुसावळच्या नथ्थूचा जावई जाऊ राह्यला तिकडे. भला मानूस हाये. त्याच्याजवळ डबा देते. लाडू, बिबड्या, बठ्ठं नव्यानं करते."

"नको म्हटलं ना, आई!" गिरधर वैतागला. "इथं सगळं मिळतं. आणि तू तरी डब्यात काय वाट्टेल ते घालतेस. चटणीची डबी बांधायला आबांचा फेटा कशाला फाडलास?"