पक्का पत्ता

"सुटल्यावर राहणार कुठे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं आणि रंगाऱ्याचा चेहरा उजळला. इतका सोपा प्रश्न या इमारतीत त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

ज्या बंगल्याला त्याने रंग दिला, तिथली सोन्याची साखळी हरवली आणि हा कच्चा कैदी म्हणून आत गेला. खटला अजून उभाही राहिला नव्हता. जामिनाला पैसे नव्हते, एवढाच काय तो त्याचा सिद्ध झालेला गुन्हा. आता नवा नियम आला होता. पैसे नसले तरी चालणार होतं, पत्ता मात्र पक्का हवा होता.

पत्ता सांगणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. कोठडीत डोळे मिटले की तो थेट घरीच जायचा. जिना चढायचा, चपला काढायचा आणि जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवणारा हा गडी स्वतःच्या भिंतींना हात घालायचा. आधी घासकाम, मग पुट्टी, मग रंगाचा पहिला हात. बायको भेटीला आली की जाळीआडून विचारायचा, "मोरीजवळ ओल आलीय का गं?" ती म्हणायची, "थोडीशी." मग पुढची भेट होईपर्यंत तो ती ओल काढत बसायचा. बाकीचे कैदी खंगत चालले होते, हा आपला कामात होता.

"तिसरा मजला, मॅडम," तो म्हणाला. "खोली छोटीच, पण उजेड असा की बघत राहावं. मुलगी झोपते तिथली भिंत फिकट पिस्ता केलीय. दुसरा हात तेवढा राहिलाय."

कोर्टात खसखस पिकली. बाईही हसल्या. "आज दुपारी शिपाई जाऊन घर बघून येईल. घरी कोण असतं?"

मागच्या बाकावरून त्याची बायको उठली. मुलगी कडेवर झोपली होती. तो वळून तिच्याकडे बघत मान डोलवत होता, सांग की, म्हणून.

"मॅडम, मी आणि मुलगी बेघरांच्या निवाऱ्यात झोपतो," ती म्हणाली. "हे आत गेले आणि घर टिकलं नाही. मालकाने कधीच दुसऱ्यांना दिलं. यांनी आत जीवाला लावून घेऊ नये म्हणून बोलले नाही."

"मग हे आत्ता सांगत होते ते घर?"

तिला रडू आवरेना.

"त्या घरात आता हे एकटेच राहतात, मॅडम."