सासूची जीप, जावयाची मोटार

धोंड्याच्या महिन्यात जावयानं पाटावर बसावं, पुरणाचे धोंडे खावेत, वाण घ्यावं आणि गप पडावं, ही रीत. पण हौसाक्कांचा कऱ्हाडचा जावई सकाळपासून त्यांच्या जुन्या जीपच्या बॉनेटात मुंडी खुपसून उभा होता.

"मामी, माझी मोटार तीस वर्षांची, तुमची जीप चाळिसाची," काळे हात पुसत तो म्हणाला. "माझी लिटरला चौदा जाते, तुमची नऊसुद्धा नाही. माझी आवाज करत नाही, तुमची वेशीवर आली तरी गाव जागं होतं. मोडीतच घाला."

हौसाक्कांच्या कपाळाची शीर तडतडली. नवऱ्यामागं, पन्नाशीत, त्या ही जीप चालवायला शिकल्या होत्या. तरी त्यांनी नुसती किल्ली पुढं केली. "चढावर नेऊन तर बघा."

गुऱ्हाळाचा चढ जीप दुसऱ्या गिअरात, धापा न टाकता चढली. जावई शीळ घालायला लागला. दारात परतल्यावर तो खाली उतरेचना.

"तशी जुनीच आहे म्हणा," स्टिअरिंग कुरवाळत तो पुटपुटला. "वाण म्हणून हीच दिलीत तरी चालेल."

हौसाक्का खदखदून हसल्या.

"जावईबापू, आमची मंगल बघायला आलात, तेव्हा म्हणालात ठेंगणी आहे, नाक बसकं आहे, बोलते फार. आणि पंधरवड्यात नारळ घेऊन दारात हजर! तुम्ही नावं ठेवलीत की समजायचं, माल अस्सल. पोरगी दिली, वाणाला अंगठीही देते. जीप मिळायची नाही. उतरा खाली!"