दोन पट्ट्या

शेठनी पाठ फिरवून कागदाच्या दोन पट्ट्यांवर सेंट मारलं. एकीवर कंपनीचं महागडं, एकीवर उस्तादांनी केलेली त्याची स्वस्तातली नक्कल.

"घ्या उस्ताद. आपली कुठली, सांगा."

उस्तादांनी पट्ट्या नाकाशी नेल्या. डोळे मिटले, मान डोलावली. त्यांना कसलाच वास येत नव्हता. तापातून उठल्यापासून त्यांचं नाक मेलं होतं, आणि हे घरात एकट्या बायकोलाच ठाऊक होतं. शेठना कळलं असतं तर धंदा त्याच दिवशी बसला असता.

"तूही बघ गं जरा," म्हणत त्यांनी पट्ट्या बायकोकडे दिल्या.

शेठ हसले. "बरोबर आहे. पुरुषांचं सेंट बायकांनीच पारखावं. वहिनी, फार गोड तर नाही ना?"

"पुरुषांना शोभेल इतकंच आहे," ती म्हणाली. दोन्ही पट्ट्या हुंगून तिने एक आधी परत दिली. आधी देईल ती आपली, असं नवराबायकोचं ठरलेलं होतं.

"ही आपली," उस्ताद ठामपणे म्हणाले.

शेठनी पट्टीची खुणेसाठी दुमडलेली कड दाखवली आणि मांडीवर थाप मारली. "फसलात! ही कंपनीची. करणाऱ्यालाच फरक कळेना, मग गिऱ्हाईकाला काय कपाळ कळणार? माल पास!"

जाताना त्यांनी एक नवी बाटली टेबलावर ठेवली. "आता हिची नक्कल करा. बाजारात कुणाकडेच नाही अजून."

दार लागलं तसे उस्ताद खुर्चीत कोसळले. हसू आवरत नव्हतं.

"मुद्दाम उलटं सांगितलंस ना? काय डोकं आहे तुझं! मी तर मेलोच होतो."

ती पट्ट्या गोळा करत राहिली.

"आधीच्या मालाची मापं हाताला पाठ होती, म्हणून निभावलं. हे नवं आहे. आता सगळं तुझ्या नाकावर." त्यांनी बूच काढून बाटली तिच्यापुढे धरली. "सांग, काय येतंय?"

तिने डोळे मिटले. "गोड."

"अगं, गोड तर असणारच. गोडाच्या मागे काय आहे? लाकूड? मसाला? नीट बघ."

ती हुंगत राहिली. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

बाहेरचं दार धाडकन उघडलं. नाकावर ओढणी दाबून मुलगी थेट स्वयंपाकघरात धावली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. आतूनच ती ओरडली, "आई, अगं दुधाचा कोळसा झालाय! खाली जिन्यापर्यंत वास येतोय, आणि तुम्ही दोघं इथेच बसलाय?"

उस्तादांनी बाटली बायकोच्या नाकाखालून काढली नाही. तिनेही डोळे उघडले नाहीत.