चौकटीबाहेरचे ठिपके

“बाबा, दोन स्ट्राइक झाल्यावरचे फाऊल मोजायचे की नाही?”

टेसने पिरोगी चावता चावताच विचारलं, अगदी सहज वाटावं म्हणून. रविवारचं जेवण चाललं होतं. हा प्रश्न घरी विचारून दाखवायची पैज मार्गो आणि जून या मैत्रिणींनी शुक्रवारीच लावली होती. ‘कोचची पोरगी तू, तुझी कसली टाप!’ म्हणाल्या होत्या.

बाबांचा काटा थांबला नाही. “कशात मोजायचे?”

“पिचरच्या चेंडूंत.”

“आठ वर्षांची असताना शिकवलंय तुला. वहीत चौकट आहे का त्यांना?”

“नाही.”

“मग झालं तर.”

चौकट नव्हतीच. बेसबॉलच्या स्कोअरच्या वहीत प्रत्येक फलंदाजापुढे स्ट्राइकच्या दोन चौकटी असतात. त्या भरल्या, की बॅटला चाटून रेषेबाहेर गेलेला चेंडू जणू टाकलाच गेला नाही. फलंदाज तिथेच उभा, पिचरने पुन्हा टाकायचा. सामना संपला की टेस चौकटी मोजायची आणि शाळेच्या चिठ्ठीवर आकडा लिहायची. पंचाहत्तरपर्यंत आकडा असला तर पिचरला दोन दिवस विश्रांती, वर गेला तर तीन. विश्रांती चुकवून खेळवला, तर तो सामना समोरच्यांचा.

पिचर म्हणजे तिचा भाऊ विन्स. आधीच्या आठवड्यात बुधवारी त्यानेच चेंडू टाकले, शनिवारी त्यानेच, या मंगळवारी आणि शुक्रवारी पुन्हा त्यानेच. मधले दोन सामने दुसऱ्यांनी सांभाळले. विन्सच्या चारही चिठ्ठ्यांवर आकडा सत्तरच्या आसपास.

शुक्रवारी पाहुण्या संघाची स्कोअर लिहिणारी मुलगी तिच्या वहीत डोकावली होती. “चौऱ्याहत्तर? माझे एकशे तीन झालेत. डुलक्या काढत होतीस का गं?”

पण आकडे जुळले नाहीत तर यजमानांची वही खरी. आणि वरच्या गावांची मैदानं अजून बर्फाखाली, म्हणून आतापर्यंतचे सगळे सामने इथंच झाले होते.

सहा सामने, सहा विजय! गेल्या एकतीस वर्षांत अशी सुरुवात नाही. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून पेट्रोल पंपाच्या फळ्यावर पेट्रोलच्या भावाशिवाय काही लिहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता तिथे वीतभर आकड्यांत ‘६–०’ होतं. टेस तर घसा बसेपर्यंत ओरडली होती. ते फाऊल तिला इतके आवडायचे, की चौकटीबाहेर ती प्रत्येकाला एक बारीक ठिपका द्यायची. आपल्या विन्सला किती झुंजावं लागलं, ते पुढे नातवंडांना दाखवायला! मंगळवारी एकाच फलंदाजाने नऊ ठिपके द्यायला लावले. नवव्यानंतर विन्सने टोपी सारखी केली ती डाव्या हाताने. उजवा नुसता मांडीपाशी लोंबत होता. आणि तिने त्या नऊ ठिपक्यांशेजारी एक चांदणी काढली होती.

आज सकाळी चर्चमध्ये बसून तिने सगळे ठिपके मोजले. शुक्रवारचे चौऱ्याहत्तरात मिळवले, तर बरोबर एकशे तीन झाले.

“विन्स, उजव्या हाताने पाणी पी बरं,” ती म्हणाली.

“तू कोण, डॉक्टर?”

“सकाळी शर्टाची बटणं आईने लावली तुझी. पाहिलंय मी.”

“जेवताना बेसबॉल नको,” आई पुटपुटली.

“टेस, तोंड बंद ठेव.” विन्सचा आवाज चिरका झाला. “उद्याच्या सामन्याला तो विद्यापीठाचा खेळाडू निवडणारा माणूस येतोय. एकदाच येणार आहे तो. मी बाकावर बसलेला दिसलो तर संपलं सगळं, कळतंय का तुला? आली मोठी न्यायाधीश!”

“हात आहे, दुखणारच,” बाबा म्हणाले. “मी पिचर होतो तेव्हा माझा काय कमी दुखला?”

त्यांनी मिठासाठी हात पुढे केला. कोपर नेहमीसारखं अर्ध्यातच अडलं. आईने मान वर न करता मिठाची बाटली त्यांच्या बोटांपर्यंत सरकवली. हे ती रोज करायची, इतकी वर्षं, की कुणाला दिसायचंच नाही. आज टेसला दिसलं.

“बाबा, तुमची वही कोण लिहायचं?”

मग आईने विन्सचं ताट आपल्याकडे ओढलं आणि त्यातल्या मांसाचे बारीक तुकडे करायला लागली, तो दोन वर्षांचा असताना करायची तसे. सुरी ताटावर जरा जास्तच वाजत होती.

“तुम्हाला माहीत होतं ना, फाऊल मोजतात ते?” टेसने विचारलं.

“आई, सांग ना हिला!” विन्स म्हणाला.

आई तुकडे करत राहिली.

“सगळं गाव बघतंय, टेस,” बाबा हळूच म्हणाले. “किती वर्षांनी लोक मैदानावर येतायत. जरा विचार कर.”

टेसने मांडीवरची वही उचलली आणि पिरोगीच्या भांड्याशेजारी ठेवली. वहीतून नव्याने लिहिलेल्या चार चिठ्ठ्या डोकावत होत्या.

“केलाय विचार. सत्त्याण्णव, एकशे एक, चौऱ्याण्णव, एकशे तीन. उद्या शाळा भरायच्या आत या चिठ्ठ्या मी प्रिन्सिपलबाईंच्या टेबलावर ठेवणार आहे. विन्स उद्या टाकणार नाही.” तिने वहीवर तळहात ठेवला. “आणि आपण सहा जिंकलेलो नाही, बाबा. तीनदा विन्स एक दिवस आधीच खेळलाय, ते तीन हरलोय. पंपावरचा फळा मी स्वतः जाऊन पुसणार आहे.”