आवड कुवतीपेक्षा मोठी

"मॅडम, 'आवड = कुवत' या समीकरणात बरोबरच्या चिन्हाऐवजी 'पेक्षा मोठं' टाकलं तर?" 'हिंमत असेल तर विचारून दाखव' असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून मृण्मयीने भर वर्गात विचारलंच.

दहावीत प्रत्येकाचा कॅल्क्युलेटर आवडीची एक आणि कुवतीची एक रेषा काढायचा. दोन्ही जिथे छेदतील, तेच काम जन्मभर करायचं. मृण्मयीच्या वाट्याला दातांचा दवाखाना आला होता.

"टाक की!" मॅडम हसल्या. "आजवर कुणी विचारलंच नाही."

तिने चिन्ह बदललं. बिंदू पुसला गेला आणि अर्धा पडदा निळा झाला. त्या निळ्यात तिला अजून न जमणारी, पण मनापासून आवडणारी कितीतरी कामं होती.

घरी चपला काढता काढताच तिने सांगून टाकलं, "आईबाबा, मी दात नाही बघणार, समुद्राच्या तळाशी प्रवाळ बघणार! उद्यापासून पोहायला शिकतेय."