पंधरा दिवसांची सूट

घड्याळजींचं रक्त ओ निगेटिव्ह, म्हणजे कुणालाही चालणारं. दर तीन महिन्यांनी ते रक्त देऊन यायचे आणि दारातूनच जाहीर करायचे, "रक्त देणाऱ्यानं पंधरा दिवस भांडी घासायची नसतात!" एरवी दोघं आळीपाळीनं भांडी घासत. पंधरा दिवसांचा हा नियम घड्याळजींनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता.

बायकोचा गट एबी पॉझिटिव्ह. "तुझं रक्त नुसतं घेणारं. घेईल सगळ्यांचं, आणि देईल फक्त आपल्याच गटाला," असं म्हणत ते आरामखुर्चीत पाय पसरायचे. सिंकपाशी उभ्या बायकोच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

या खेपेला तीही हट्टानं सोबत गेली. तिचा गट कळताच रक्तपेढीतल्या बाई खूश झाल्या. "अहो, मग तुम्ही प्लाझ्मा द्या ना! रक्तातलं ते पिवळसर पाणी हो. एबीचा प्लाझ्मा कुठल्याही गटाला चालतो."

"आणि माझा?" घड्याळजींनी छाती फुगवून विचारलं.

"तुमचा? फक्त तुमच्याच गटाला."

प्लाझ्मा देऊन घरी येताच बायको आरामखुर्चीत जाऊन बसली. "आज दोघंही देणारे, पण आजवर सूट तुम्हीच घेतलीत. नियम तुमचाच, आता पाळी माझी," ती म्हणाली. घड्याळजींनी बाह्या वर केल्या. "पंधराच दिवस ना, हां हां म्हणता जातील," ते घासणीला म्हणाले.


"जातील की," बायको पाय पसरत म्हणाली, "आणि सोळाव्या दिवशी मी परत जाणार. प्लाझ्मा द्यायला तीन-तीन महिने थांबावं लागत नाही म्हणे!"